संथ योगसराव : ताण सोसावा की सोडावा?

नवसाधक :
गेली अनेक वर्षे मी रोज सकाळी वेगाने सूर्यनमस्कार घालत आलो आहे. पंचेचाळिशी ओलांडली, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जाऊ लागले, आणि कंबर व मांड्यांची मागची बाजू इतकी आखडली की पश्चिमोत्तानासनात (पाय समोर पसरून पुढे वाकण्याच्या आसनात) हात कसेबसे पोटऱ्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून दोन महिन्यांपासून एकेका आसनात तीन ते पाच मिनिटे स्थिर राहण्याचा, ‘यिन योग’ या नावाने ओळखला जाणारा संथ सराव सुरू केला आहे. मात्र पहिल्या मिनिटानंतर मांडीमागे असा ताण बसतो की दात आवळले जातात आणि श्वास अडकतो. तो ताण सोसला तरी मन शांत होण्याऐवजी सारखे घड्याळाकडे धावते. असा ताण सोसत राहिल्यानेच शरीर मोकळे होते, की माझे काही चुकत आहे? सूर्यनमस्कार बंद करावेत का, हेही कृपया सांगावे.

संथश्वास :
आवळलेले दात हेच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. पतंजलींची ‘स्थिरसुखमासनम्’ (स्थिर आणि सुखकर असते ते आसन) ही आसनाची व्याख्या बहुतेकांना ठाऊक असते, पण त्याच्या लगेच पुढचे सूत्र फारसे कोणी उच्चारत नाही : ‘प्रयत्नशैथिल्यानन्तसमापत्तिभ्याम्’. म्हणजे प्रयत्न सैल सोडल्याने आणि चित्त अनंतात स्थिरावल्याने आसन साधते. संथ सरावाचा सगळा गाभा मला या पहिल्या शब्दात दिसतो. जिथे श्वास अडकतो, तिथे आपण आपली आजची मर्यादा ओलांडलेली असते. तेथून दोन-तीन बोटे मागे यावे आणि मग थांबावे.

पश्चिमोत्तानासनापुरते सांगायचे, तर मांडीमागचे स्नायू ज्या हाडांवर आपण बसतो त्यांनाच जोडलेले असतात. ते आखडले की बसल्या जागी कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि पुढे वाकण्याचे सगळे ओझे कमरेच्या मणक्यांवर पडते. यावर उपाय साधा आहे. घोंगडीची जाड घडी करून तिच्या कडेवर बसावे, म्हणजे कंबर आपोआप किंचित पुढे झुकते. गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी सरकवावी, आणि मांड्यांवर लोड किंवा दोन उशा ठेवून त्यावर कपाळ टेकवावे. हात पायांपर्यंत पोहोचले नाहीत, तर ते बाजूला निवांत पडू द्यावेत. कपाळाला आधार मिळाला की मान सुटते, मानेमागोमाग जबडा सुटतो, आणि जबडा सैल झाला की दात आवळता येत नाहीत. मी स्वतः या आधारांना कमीपणा समजून कित्येक महिने वाया घालवले, याची आजही खंत वाटते.

चालतीफिरती (भौतिकोपचाराच्या क्षेत्रात काम करते) :
वरील उत्तराशी मी सहमत आहे; शरीराच्या बाजूने थोडी भर घालते. स्नायूंच्या आत ताण मोजणारे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू झटक्याने ताणला गेला की ते प्रतिक्षिप्त क्रियेने त्याला आकुंचन पावायला लावतात. हळूहळू आणि सौम्यपणे ताणल्यास हा प्रतिकार बराच कमी राहतो. पहिल्या काही आठवड्यांत जी लवचिकता वाढलेली दिसते, ती मुख्यतः स्नायू लांबल्यामुळे नसते, तर मज्जासंस्था तेवढा ताण सहन करू लागते म्हणून असते. त्यामुळे दात-ओठ खाऊन काढलेल्या पाच मिनिटांपेक्षा निवांत घालवलेली दोन मिनिटे मला अधिक मोलाची वाटतात.

ताण कुठे जाणवतो, याकडे मात्र बारकाईने लक्ष द्यावे. मांडीच्या मधल्या मांसल भागातील पसरट ओढ चालेल. बैठकीच्या हाडापाशी टोचणारे दुखणे, गुडघ्याच्या आतली कळ किंवा पायात उतरणाऱ्या मुंग्या जाणवल्या, तर त्या क्षणी आसन सोडावे. मणक्याच्या चकतीचा त्रास किंवा हाडांची ठिसूळता असल्यास पुढे वाकून दीर्घकाळ थांबण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांचे सांधे मुळातच प्रमाणाबाहेर सैल आहेत, त्यांना ताणापेक्षा बळाची गरज अधिक असते.

सूर्यनमस्कार मुळीच बंद करू नका. नुसते ताणून मिळालेली लवचिकता टिकण्यासाठी स्नायूंमध्ये बळही लागते, आणि हालचालीने ऊब आलेले शरीर ताणाला लवकर राजी होते.

नवसाधक :
दोघांचेही मनापासून आभार. काल घोंगडीवर बसून, लोडावर कपाळ टेकवून पाहिले. श्वास एकदाही अडकला नाही. घड्याळाचे मात्र अजून सुटलेले नाही. डोळे मिटले तरी ‘किती वेळ झाला असेल’ हा विचार येतोच.

संथश्वास :
वेळ श्वासांनीच मोजावा. चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. आकडे साधारण सेकंदाच्या गतीने मोजले, तर मिनिटाला सहा श्वास होतात आणि तीन मिनिटांचे अठरा. श्वास सोडताना हृदयाची गती स्वाभाविकपणे किंचित मंदावते, म्हणून उच्छ्वास लांब ठेवायचा. पण जीव घाबरा होऊ लागला, तर मोजणे सोडून श्वास आपल्या गतीने चालू द्यावा. मोजदादीसाठी तळहात वर ठेवून अंगठा तर्जनीपासून सुरुवात करून बोटांच्या पेरांवरून फिरवावा. चार बोटांची बारा पेरे होतात. एक फेरी पूर्ण करून पुढच्या फेरीत मधल्या बोटाच्या शेवटच्या पेरावर अंगठा आला की अठरा श्वास झाले. मन मध्येच भरकटले, तरी अंगठा ज्या पेरावर असेल तेथूनच पुढे जाता येते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आसनातून बाहेर येताना घाई करू नये. हातांचा आधार घेऊन हळूहळू उठावे, पाय सैल करून अर्धा-एक मिनिट तसेच बसावे. एवढा वेळ ताणलेल्या जागी थोडा अवघडलेपणा जाणवतो आणि तो सहसा आपोआप ओसरतो. त्यानंतर निदान पाच मिनिटे शवासन करावे, आणि त्यात श्वासही मोजू नयेत.