मदत हवी आहे: एअर रायफलचे पेलेट (छर्रे) निवडताना त्यांच्या डोक्याचा व्यास घरी कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात 10 मीटर एअर रायफल मारतो. .177 (म्हणजे 4.5 मिमी) चे पेलेट हाताने निवडायचा नाद आहे. रात्री पंखा बंद करायचा, चिमट्याने एकेक पेलेट काट्यावर ठेवायचा, मागचा स्कर्ट (पोकळ, पातळ कड) दिव्याखाली फिरवून बघायचा आणि वजनाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत लावायचा. यात जी तंद्री लागते तिला तोड नाही.

काटा गुजरीतून (इथल्या सराफ बाजारातून) घेतलेला सोनारी, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा. पेलेट मॅच दर्जाचे, 0.53 ग्रॅम, डब्यावर डोकं 4.50 मिमी छापलेलं. रायफल व्हाईसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) आवळून एकाच लॉटचे निवडलेले आणि न निवडलेले मारून बघितले. वजनामुळे ग्रुपमध्ये (टार्गेटवरच्या भोकांच्या पुंजक्यात) सांगण्यासारखा फरक पडला नाही. स्कर्ट चेपलेले मारले की मात्र ग्रुप लगेच फाकतो. रायफलच्या टार्गेटवर 10 गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा, त्यामुळे हे सोडून देता येत नाही.

आता डोक्याच्या व्यासाप्रमाणे निवडायचंय. व्हर्नियरच्या जबड्यात मऊ शिसं दबतं, आकडा दरवेळी वेगळा येतो. मायक्रोमीटरचंही तेच. बॅरल बदलायची नाही, पेलेट धुणं किंवा तेल लावणं हा विषय सध्या नको. शिसं हाताळून झाल्यावर हात साबणाने धुतो, तेव्हा ती काळजी नसावी.

4.49, 4.50, 4.51 अशा मापांची भोकं असलेली गेज पट्टी कुणी वापरली आहे का? उद्यमनगरात (इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत) एखाद्याकडून इतक्या अचूक मापाची करून मिळेल, की तिन्ही मापांचे डबे आणून सरळ व्हाईसवर मारून ठरवणंच बरं?