'च्यायला' चालतं, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

लिंबूटिंबू: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'ज्या घरात शिव्या, त्या घरात संस्कार नाहीत.' डोकं फिरलं, म्हणून सविस्तर. माझ्या वडिलांनी जन्मात शिवी दिली नाही. पण 'तुझ्याच्यानं काय होणार' हे असं थंडपणे म्हणायचे की अजून पोटात गोळा येतो. आजी मात्र 'मेल्या, मुडद्या' करतच जवळ घ्यायची. आता संस्कार कुणाचे मोजू? शिवाय 2009 साली इंग्लंडातल्या कील विद्यापीठाने प्रयोग केला. बर्फगार पाण्यात हात बुडवून शिवी हासडणाऱ्यांनी साधा शब्द म्हणण्यापेक्षा जास्त वेळ कळ सोसली.

भांडकुदळ: हात स्वतःचा, कळ स्वतःची, मग द्या की शिव्या! घरात त्या दुसऱ्याला बसतात. आणि भांडण दोन पुरुषांचं असलं तरी उद्धार आई-बहिणीचाच. 'रांड' म्हणजे मुळात विधवा. नवरा मेला, एवढाच तिचा गुन्हा.

जुनं खोड: मग 'च्यायला'ही बंद करा.

लिंबूटिंबू: ती शिवी कुठे आहे?

जुनं खोड: 'त्याच्या आयला' झिजून झालंय ते. पुढचं क्रियापद गिळलं म्हणून सोवळं होत नाही.

लिंबूटिंबू: झिजलं म्हणजे धार गेली! कॅनडातल्या क्यूबेकमधले फ्रेंच बोलणारे चर्चमधल्या वस्तूंच्या नावाने शिव्या घालतात. 'ताबार्नाक' ही तिथली जहाल शिवी, मुळात वेदीवरच्या पवित्र पेटीचं नाव. आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. जिथे ज्याचं सोवळं, तिथे त्याचीच शिवी.

जुनं खोड: क्यूबेक राहू दे. 'संडास' शब्दाने कुणाचं काय बिघडवलं होतं? आधी शौचालय, मग टॉयलेट, आता वॉशरूम. दर पिढीला नवा शब्द, वास तोच! माझी सून मला 'संडास म्हणू नका' म्हणते.

भांडकुदळ: आजोबा, विषय शिव्यांचा आहे, तुमच्या सुनेचा नाही.

जुनं खोड: आजोबा कुणाला म्हणतेस? ही शिवीच झाली.

लिंबूटिंबू: 😂 'च्यायला'चं उत्तर राहिलंच. ताई, तुम्ही कधीच नाही म्हणत?

भांडकुदळ: म्हणते. झालं समाधान? परवा पलंगाच्या पायावर करंगळी आपटली, तेव्हा क्रियापदासकट म्हणाले. आतून लेक ओरडली, 'आई, आता कुणाची आई?'