मदत हवी आहे: आयएफआरएस १८ मुळे ऑपरेटिंग नफा घटतोय, कर्जाच्या अटीचं काय करायचं?

मंडळी, मी एका उत्पादन कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. आमचे हिशेब आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांप्रमाणे होतात आणि वर्ष जानेवारी ते डिसेंबर. १ जानेवारी २०२७ पासून वित्तीय पत्रकांच्या मांडणीचं जुनं मानक आयएएस १ जाऊन आयएफआरएस १८ येतंय. साहेब म्हणतात, "नुसती मांडणी बदलतेय, एवढा बाऊ कशाला?" निव्वळ नफा बदलत नाही हे मलाही मान्य. पण मागच्या वर्षाचं नफा-तोटा पत्रक नव्या साच्यात बसवून पाहिलं आणि पोटात गोळा आला.

आकडे सोपे करून देतो. विक्री १०००. खर्च ८५०, त्यातच परकीय चलनातल्या कर्जावरचा विनिमय तोटा १२. सहयोगी कंपनीच्या नफ्यातला वाटा ४०, बँक ठेवींवरचं व्याज ८. हे सगळं धरून आम्ही ऑपरेटिंग नफा १९८ दाखवायचो. त्याखाली जुनी यंत्रं विकून झालेला नफा १५, 'अपवादात्मक बाब' म्हणून वेगळा. मग कर्जाचं व्याज ६० वजा जाता करपूर्व नफा १५३.

नव्या साच्यात उत्पन्न-खर्च ऑपरेटिंग, गुंतवणूक, वित्तपुरवठा अशा गटांत विभागायचे. आता सहयोगी कंपनीचा वाटा आणि ठेवींचं व्याज गुंतवणूक गटात जाणार, कर्जावरचा विनिमय तोटा वित्तपुरवठा गटात. माझ्या हिशेबाने ऑपरेटिंग नफा उरतो १६२. बँकेची अट अशी की ऑपरेटिंग नफा व्याजाच्या किमान तिप्पट हवा. जुन्या पद्धतीने ३.३ पट, नव्याने २.७. धंदा तोच, पैसा तोच, आणि अट मात्र मोडणार? माझा हिशेब बरोबर आहे का, आणि बँकेशी आत्ताच बोलावं की २०२७ चे आकडे हातात आल्यावर? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

१६२ नाही, १७७. यंत्रविक्रीचा नफा तुम्ही बाहेर ठेवलाय, तो आत घ्या. नव्या मानकात जे दुसऱ्या कुठल्याच गटात बसत नाही ते ऑपरेटिंगमध्ये येतं, मग ते दरवर्षीचं असो वा एकदाच घडलेलं. 'अपवादात्मक' म्हणून ऑपरेटिंग नफ्याच्या खाली ढकलायची सोय संपली. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, कारण रोखप्रवाह पत्रकात यंत्रविक्रीचे पैसे गुंतवणुकीखाली दिसतात. गटांची नावं सारखी असली तरी दोन्हीकडचे निकष वेगळे आहेत.

म्हणजे ऑपरेटिंग १७७, अधिक गुंतवणूक गटाचे ४८, झाले २२५. ही दुसरी सक्तीची उपबेरीज: वित्तपुरवठा व करापूर्वीचा नफा. त्यातून ६० आणि १२ गेले की तुमचे १५३ जिथल्या तिथे.

पण खूश होऊ नका. १७७ भागिले ६० म्हणजे २.९५, अट थोडक्यात हुकतेच. तेही यंत्रं विकली म्हणून एवढं. ज्या वर्षी यंत्रविक्री नाही, त्या वर्षी तुमचे २.७ खरे.

प्रतिसाद २

आधी कर्जाचा करार काढा आणि व्याख्यांचं पान वाचा. काही करारांत कलम असतं की करार झाला त्या वेळच्या हिशेबपद्धतीनेच गुणोत्तर काढायचं. तसं असेल तर जुना १९८ फक्त बँकेसाठी वेगळा काढत राहावा लागेल, कटकट आहे पण अट शाबूत. नसेल आणि 'ताज्या वित्तीय पत्रकांनुसार' असं लिहिलं असेल तर आत्ताच बोला. शिवाय व्याज म्हणजे ६० की वित्तपुरवठा गटाचे पूर्ण ७२, हेही लिहून घ्या. ७२ धरले तर गुणोत्तर २.४६ वर येतं.

आत्ताच का? ताळेबंदाच्या तारखेला अट मोडलेली असेल आणि परतफेड निदान बारा महिने पुढे ढकलण्याचा हक्क त्या दिवशी तुमच्या हातात नसेल, तर दीर्घ मुदतीचं सगळं कर्ज चालू देयतांत, म्हणजे वर्षभरात फेडायच्या देण्यांत जातं. अट मोडल्याबद्दल बँकेने जानेवारीत सूट दिली तरी डिसेंबरचा ताळेबंद बदलत नाही. सूट ३१ डिसेंबरच्या आत पदरात पडली पाहिजे. जुन्या आयएएस १ मधलाच हा नियम, नव्यात तसाच आलाय.

प्रतिसाद ३

बँकेच्या गडबडीत लेजर (खातेवही) विसरू नका. विनिमय फरकाचं तुमच्याकडे एकच खातं असणार, बहुतेकांकडे तसंच असतं. ग्राहकांकडून येणं असलेल्या रकमांवरचा फरक ऑपरेटिंगमध्ये राहतो, कर्जावरचा वित्तपुरवठ्यात जातो. खातं फोडलं नाही तर वर्षअखेरीला एकेक व्हाउचर उपसत बसाल. २०२७ च्या पत्रकांत तुलनेसाठी २०२६ सुद्धा नव्या साच्यात लागणार, आणि जुनी रक्कम व नवी रक्कम यांचा मेळ ओळीगणिक द्यायचाय. त्यामुळे कामाचं वर्ष २०२७ नाही, २०२६ आहे. २०२७ चा सहामाही अहवाल काढत असाल तर नवी उपबेरीज त्यातच पहिल्यांदा दिसेल.

धागाकर्ता

करार उघडला. 'ताज्या पत्रकांनुसार' असंच आहे, हिशेबपद्धत गोठवणारं कलम नाही. उद्याच साहेबांसमोर २.९५ आणि २.७ दोन्ही ठेवतो. आणखी एक: संचालकांना गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात जुन्या पद्धतीचा १९८ दाखवत राहायचाय. चालेल का?

प्रतिसाद १

दाखवा, पण 'ऑपरेटिंग नफा' या नावाने नाही, ते नाव आता १७७ चं. १९८ ला 'सुधारित' वगैरे वेगळं नाव द्या. शिवाय तो कामगिरी मोजण्यासाठी व्यवस्थापनाने स्वतः ठरवलेला आकडा ठरतो, म्हणून वित्तीय पत्रकांत त्याची टीप लागते: तो का उपयोगी वाटतो, १७७ पासून १९८ पर्यंत कसे पोचलात, आणि प्रत्येक फरकाचा करावर व अल्पसंख्य भागधारकांच्या हिश्शावर किती परिणाम. टीप पत्रकांचाच भाग, म्हणजे ऑडिटरच्या नजरेखालून जाणार. आजवर सादरीकरणातल्या आकड्यांना हे बंधन नव्हतं. संचालकांना एवढं ऐकवा, मग १९८ हवाय का ते विचारा.