भिडस्त नायकाचा फ्रेंच चित्रपट गावात दाखवावा का?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
कपाशीची वेचणी उरकल्यावर आमच्या वाचनालयात झाँ-पिएर आमेरिस यांचा ‘लेझ एमोतीफ आनोनीम’ (२०१०) हा चित्रपट दाखवण्याचा माझा विचार आहे. चॉकलेटच्या डबघाईला आलेल्या कारखान्याचा मालक झाँ-रने आणि त्याच्याकडे नोकरीला आलेली आंजेलिक, दोघेही कमालीचे बुजरे. त्यांच्या प्रेमाची ही विनोदी कथा आहे. मला स्वतःला ती फार आवडली. परंतु आमच्या गावातील एक तरुण लग्नासाठी मुलगी पाहायला गेला असता त्याच्या तोंडून स्वतःचे नावसुद्धा फुटले नाही, आणि गाव ते अजून विसरलेले नाही. हा चित्रपट पाहून लोक पुन्हा त्याच्यावरच हसतील का?

उत्तर (हिंगणघाट)
धोका आहे. उपाहारगृहात घामाने भिजलेला झाँ-रने सोबत आणलेल्या सुटकेसमधील सदरे पुनःपुन्हा बदलतो आणि अखेर खिडकीतून पळून जातो, तेव्हा प्रेक्षक त्याच्यावरच हसतात. तो प्रसंग मला क्रूर वाटला.

उत्तर (मोर्शी)
मी आदरपूर्वक असहमत आहे. आपल्याकडे ‘बुजरा’ हा शब्द माणसाइतकाच जनावरालाही लावतात, आणि बैल बुजला तर कास्तकार त्याला हसत बसत नाही. तो कशाने बुजला हे आधी पाहतो. दिग्दर्शक नेमके तेच करतो, कारण आमेरिस स्वतः भिडस्त स्वभावाचे आहेत आणि त्यांनी ही कथा स्वानुभवातून उभी केली आहे. झाँ-रनेचे मानसोपचारतज्ज्ञ त्याला कोणाला तरी जेवायला बोलावण्याचे काम देतात, म्हणून तो आंजेलिकला बोलावतो. त्या सदऱ्यांमागे किती तयारी आहे हे आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे हसताना जीवही तुटतो. शिवाय आंजेलिक त्याला सावरणारी धीट नायिका नाही. ती उत्कृष्ट चॉकलेट बनवते, पण लोकांसमोर येण्याच्या भीतीने आपली कला एका अज्ञात संन्याशाच्या नावाआड लपवते. भीती दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे कोणी कोणावर उपकार करत नाही, आणि शेवटी स्वतःच्या लग्नातूनही दोघे पळतात ते एकत्रच. या दोन भूमिका करणाऱ्या बनुआ पुलव्होर्द आणि इझाबेल कारे यांनी ही घालमेल कुठेही चाळे न करता दाखवली आहे.

उत्तर (देवळी)
एक व्यावहारिक सूचना. संवाद फ्रेंच असल्यामुळे कोणीतरी ते मराठीत सांगत राहावे. हे काम थट्टेखोर माणसाकडे मुळीच देऊ नये, कारण सांगणाऱ्याचा सूर बिघडला की सभागृहाचाही बिघडतो.

मूळ प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. संवाद मीच सांगेन. मात्र त्याआधी तो चित्रपट त्या तरुणाला माझ्या घरी बोलावून एकट्याला दाखवीन, आणि तो नको म्हणाला तर वाचनालयात दुसरा चित्रपट लावीन.