बेरा टेस्टसाठी भूल द्यावी का? उद्यापर्यंत सांगायचंय

घाईतली_आई: मुलाची बेरा, म्हणजे झोपवून करतात ती ऐकण्याची तपासणी, दोनदा अर्धवट राहिली. झोपेचं सिरप दिलं तर अर्धं ओकला, उरलेल्यानं झोपायचं सोडून चेकाळला. आता भूल देऊन करू म्हणतात. द्यावी का? रिपोर्ट चुकीचा येतो का त्यानं?

कानसेन: वय? ओएई (ऐकण्याची प्राथमिक चाचणी) झाली होती का?

घाईतली_आई: दीड वर्ष. ओएई डाव्या कानाची रेफर, म्हणजे पास नाही.

झोपाळू_बाबा: भूल कशाला! लेकीला आदल्या रात्री बारापर्यंत जागवलं, पहाटे उठवलं, गाडीत डुलकी लागू दिली नाही. तिथं पोचल्यावर दूध पाजलं, ढाराढूर. कपाळाला, कानामागे तारा चिकटवल्या तरी हूं नाही की चूं नाही.

कानसेन: केवढी होती तेव्हा?

झोपाळू_बाबा: चार महिन्यांची.

कानसेन: मग बरोबर. दीड वर्षाचं पोर तारा उपटतं. आणि भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. सर्वसाधारणपणे पाणी 2 तास, आईचं दूध 4, वरचं दूध 6 तास आधी बंद. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ पाळा. ताई, बेरा कानाची नस आणि ब्रेनस्टेमचे (मेंदूच्या बुंध्याचे) सिग्नल मोजते, ते झोपेतही चालूच असतात. रिपोर्ट बिघडतो तो हलण्यानं.

बोलका_पोपट: ऐकायचं मशीन घेताना चार्जिंगवालं घ्या. बटणसेल पोरं गिळतात.

घाईतली_आई: मशीनचं कोण विचारतंय?

निवृत्त_सिस्टर: सर्दी-खोकला? रात्री घोरतो का?

घाईतली_आई: घोरत नाही. सर्दी आहे तीन दिवस, नेहमीचीच.

निवृत्त_सिस्टर: अहो, हे पहिल्या ओळीत हवं! सर्दीत भूल दिली तर श्वासनलिका आकसायची भीती असते, तारीख पुढे जाऊ शकते. आत्ता फोन करा. भूलतज्ज्ञ स्वतः हजर असणार ना आणि जागा होईपर्यंत ऑक्सिजन कोण बघणार, हेही विचारा. सिरप घरी पाजून नेऊ नका. गाडीत मान पुढे पडली की श्वास अडतो.

झोपाळू_बाबा: आमच्या शेजाऱ्यांनी घरीच पाजलं होतं, काही झालं नाही.

निवृत्त_सिस्टर: नशीब त्यांचं.

कानसेन: टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची तपासणी) झाली? पडद्यामागे पाणी असेल तर तेही कळेल. जागेपणीच होते, मिनिटाभरात.

घाईतली_आई: ती कोणी सांगितलीच नाही. फोन केला, सर्दी गेल्यावर या म्हणाले. उद्या टिम्पॅनो तरी उरकते.

झोपाळू_बाबा: तोवर जागवायची प्रॅक्टिस करा!