निपाणीजवळ अपघात, भावाचा पाय मोडला. क्लेम कुठे आणि कसा टाकायचा?

माळावरची_सुमी

लोकहो, जरा मार्गदर्शन हवंय. माझा धाकटा भाऊ (वय ३४) इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) आहे. अडीच महिन्यांपूर्वी निपाणीहून बोरगावमार्गे मोटारसायकलवरून परत येत होता. ओव्हरटेक करणाऱ्या कारनं समोरून ठोकलं. उजव्या पायाच्या गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, रॉड घातलाय. दवाखान्याचं बिल दोन लाख तीस हजार झालं. वहिनीच्या पाटल्या आणि पतसंस्थेचं कर्ज यातून भागवलं. तो अजून काठीशिवाय चालत नाही. मागाखाली उकिडवं बसून काम करायचं असतं, ते तर लांबच.

कारमालक म्हणतो, "पंच्याहत्तर हजार घ्या आणि मिटवा, कोर्टात चपला झिजतील." दवाखान्यात एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. वकील आम्हीच देतो, आलेल्या रकमेचे तीस टक्के आमचे, असं म्हणून त्यांनी भावाची एका कोऱ्या वकीलपत्रावर सही घेतली. एफआयआर कर्नाटकात झालाय, तोही कन्नडमध्ये. क्लेमसाठी तिकडं हेलपाटे मारावे लागतील का? आणखी एक, लपवत नाही: भावाच्या लायसन्सची मुदत संपली होती. त्यामुळं सगळंच पाण्यात जाईल का?

पंचगंगा_काठ

ताई, घाई करू नका. पाय पूर्ण बरा होऊ दे, अपंगत्वाचा दाखला हातात आला की मग टाका. आमच्या चुलत्यांनी दोन वर्षांनी टाकला होता, मिळाले की पैसे.

काळाकोट

वरचा सल्ला कृपया पाळू नका. १९९४ ते २०२२ दरम्यान मुदतीची अट नव्हती, त्या काळात चुलत्यांचं चालून गेलं असणार. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आहे. तिला आव्हान दिलेलं आहे आणि केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेशही नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. पण अंतरिम म्हणजे अंतरिम. तुमच्याकडं साडेतीन महिने आहेत, त्यातच टाका. अपंगत्वाचा दाखला पुराव्याच्या वेळी दिला तरी चालतो.

हेलपाट्यांचं म्हणाल तर अपघात कर्नाटकात झाला तरी अर्जदार राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातच. पुढं अपिलाची वेळ आली तर तेही आता मुंबईला नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतंय. कन्नड कागदांचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर मात्र जोडावं लागेल, तो खर्च धरून चाला.

लायसन्स नसणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच सांगितलंय. चूक कोणाची, हे पंचनामा आणि साक्षीदार ठरवतात. फक्त ते लपवू नका. उलटतपासणीत निघालंच तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

सांगलीचा_मास्तर

मी या चरकातून गेलोय म्हणून सविस्तर लिहितो. २०१९ मध्ये मलाही कारनं उडवलं होतं, निकाल लागायला साडेतीन वर्षं लागली.

सगळ्यात आधी दवाखान्यात जा आणि दाखल करतानाचा केसपेपर आणि एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद बघा. मला ज्या माणसानं रिक्षात घालून नेलं, त्यानं धडक पाहिली नव्हती. रात्रपाळीच्या डॉक्टरनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, गाडीवरून पडले. डॉक्टरनं लिहिलं, "गाडी घसरून पडले". एवढ्या तीन शब्दांवर विमा कंपनीच्या वकिलानं मला दीड तास उभं केलं. कार नव्हतीच, कार नंतर शोधून आणली, असं त्यांचं म्हणणं. शेवटी पंचनाम्यातल्या काचा, बंपरचा तुकडा आणि आरटीओच्या निरीक्षकाचा कारचा तपासणी अहवाल, यांनी वाचवलं. नोंद चुकीची असेल तर आत्ताच तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा.

दुसरं म्हणजे बिलं. मोठ्या बिलाची पावती सगळेच ठेवतात. माझी गेली ती फिजिओथेरपीची. पाच महिने रोज दोनशे रुपये रोख, एक चिठ्ठी नाही. जवळजवळ तीस हजारांवर पाणी. रिक्षा, वॉकर, कमोडची खुर्ची, सांभाळायला ठेवलेली बाई, सगळं वहीत तारखेनिशी लिहा आणि जमेल तिथं सही घ्या. एक्स-रेच्या फिल्मा गादीखाली ठेवू नका, दुमडतात. (आमच्या घरी गादीखालीच होत्या.)

निवृत्त_विमाबाबू

एकोणतीस वर्षं क्लेम विभागात होतो, म्हणून पलीकडच्या टेबलावरून सांगतो. फाइल आली की आम्ही आधी बघायचो: एफआयआरला किती दिवस उशीर, दवाखान्यातली नोंद, अपघाताच्या तारखेला पॉलिसी चालू होती का, कारचालकाचं लायसन्स. पैसे कारमालकाच्या खिशातून नाही, थर्ड पार्टी विम्यातून जातात. तरी तो मिटवा म्हणतो, कारण त्याला केस नको असते. एमपरिवहन ॲपवर कारचा नंबर टाकून विमा बघून घ्या. त्याच्या चालकाकडं लायसन्स नसलं तरी बहुतेक वेळा न्यायाधिकरण कंपनीला आधी तुम्हाला द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायला सांगतं.

२०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तुमचे ९० दिवस भरत आलेत, तपास अधिकाऱ्याकडं प्रत मागा. एफआयआरची प्रत जखमीला फुकट मिळते, कर्नाटक पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही उतरवून घेता येते.

माळावरची_सुमी

खूप खूप आभार सगळ्यांचे. केसपेपर उद्याच बघते. भावाला आठवड्याचा पगार रोख मिळायचा, महिन्याला साधारण अठरा हजार. स्लिपा नाहीत. मग कमाई कशी दाखवायची? आणि अंदाजे किती मिळू शकेल? पंच्याहत्तर हजारांना भाऊ आता हो म्हणायच्या बेतात आहे, म्हणून विचारतेय.

काळाकोट

मालकाला पगाराच्या रजिस्टरसह साक्षीला आणा. ते नसेल तर किमान वेतन धरतात, म्हणून मालकाची मनधरणी करण्यात वेळ घालवा, वाया जाणार नाही.

आकडा कसा बसतो ते दाखवतो, हमी म्हणून घेऊ नका. १८,००० मध्ये चाळिशीच्या आतल्या बिगरकायम नोकरदाराला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. कमाईची क्षमता समजा २० टक्के गेली, तर ६०,४८०. याला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं, वय ३४ ला तो १६. झाले ९,६७,६८०. यात दवाखान्याचा खर्च, बुडालेले पगार, वेदनांचे पैसे आणि व्याज अजून धरलेलं नाही.

घोळ होतो तो टक्क्यांत. डॉक्टर पायाचं अपंगत्व ४५ टक्के लिहितात आणि घरचे ४५ धरून बसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात नेमकं असंच होतं: डाव्या पायाची दोन्ही हाडं, दाखला ४५ टक्के पायापुरता, संपूर्ण शरीराचा २२-२३, आणि न्यायालयानं कमाईचं नुकसान धरलं २० टक्के. पण हाच हिशेब उलटाही फिरतो. बैठ्या कारकुनाला त्याच पायाचं नुकसान कमी, जॉबरला जास्त. म्हणून तुमचा भाऊ मागाखाली कसा बसतो, किती तास उभा राहतो, हे साक्षीत सविस्तर आलं पाहिजे. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्षही लागेल.

आणि तीस टक्क्यांचं. निकालावर टक्केवारीनं फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. अर्ज दाखल झाला नसेल तर ते वकीलपत्र लेखी मागून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं फुकट वकील मिळतो, औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अटही नाही.

रंकाळा_ट्रॅफिक

अवांतर: वडिलांना मेडिक्लेम मिळाला होता, तो भरपाईतून कापतात का?

काळाकोट

नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सांगितलंय. हप्ता तुम्ही भरलात, फायदा धडक देणाऱ्याला का म्हणून?

माळावरची_सुमी

अपडेट देते. केसपेपरवर "समोरून कारची धडक" असंच आहे, जीव भांड्यात पडला. कारचा विमा मार्चपर्यंत चालू दिसतोय. मागमालक आधी नाही म्हणाले, मग वहिनी स्वतः जाऊन बसली तेव्हा रजिस्टर घेऊन यायला तयार झाले. वकीलपत्र परत मिळालं, गृहस्थ बरंच बोलून गेले. सोमवारी विधी सेवा कार्यालयात जातोय. एकच राहिलं: रॉड पुढच्या वर्षी काढायचाय, तो खर्च मागता येतो का?

काळाकोट

येतो. सर्जनकडून लेटरहेडवर अंदाजपत्रक घ्या, तारीख आणि सहीशिक्क्यासह. सोमवारी जाताना सोबतच न्या.