उद्यानाचे आरक्षण कारखान्यांच्या गाळाच्या जमिनीवर: हरकत कशी घ्यावी?

प्रश्न : ओढ्याकाठचा रहिवासी

आमचे शहर पश्चिम महाराष्ट्रातील 'ब' वर्ग नगरपरिषदेचे आहे. सुधारित विकास योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला असून हरकती व सूचनांसाठी मिळालेल्या ३० दिवसांपैकी ९ दिवस संपले आहेत. जुन्या योजनेत ओढ्याकाठी उद्यानाचे आरक्षण होते. ती जागा कधीच संपादित झाली नाही, जमीनमालकांनी खरेदी सूचना (जागा संपादित करा, नाहीतर आरक्षण सोडा अशी नोटीस) दिली, आणि नव्या आराखड्यात ती रहिवास विभागात दाखवली आहे. तिच्या बदल्यात सहकारी औद्योगिक वसाहतीच्या मागची पडीक जमीन उद्यानासाठी आरक्षित केली आहे. त्या जमिनीवर प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा चढवणाऱ्या) कारखान्यांचा गाळ वर्षानुवर्षे टाकला गेल्याचे आम्ही सर्वांनी पाहिले आहे, आणि पावसाळ्यात तेथून पिवळसर पाणी ओढ्यात उतरते. आम्ही विचारणा केली, तेव्हा नव्या बांधकामांकडून येणाऱ्या विकास शुल्कातून जागा स्वच्छ करून तेथे बाग करू, असे तोंडी उत्तर मिळाले. हे कायद्याला धरून आहे का, आणि हरकतीत नेमके काय लिहावे?

उत्तर १ : नगररचना खात्यातून निवृत्त

आपण तीन विषय एकत्र मांडले आहेत आणि ते योग्यच आहे, कारण आराखड्यात त्यांची गुंतागुंत मुळात एकाच ठिकाणी झाली आहे.

ओढ्याकाठची जागा कशी गेली ते आधी पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत (२०१५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत १२ महिन्यांची होती) संपादन किंवा त्या दिशेने कायद्याला अभिप्रेत असलेली पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. सर्वसाधारण सभेचा ठराव केला किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवला, एवढ्याने ते वाचत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये स्पष्ट केले आहे. माझ्या नोकरीच्या काळात मी अशी अनेक आरक्षणे केवळ पैशाची तरतूद वेळेवर न झाल्याने जाताना पाहिली, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून नोटिशीची तारीख आणि तिच्यावर झालेली कार्यवाही माहितीच्या अधिकारात आजच मागवा. मुदत अद्याप संपलेली नसेल, तर ते आरक्षण जिवंत आहे आणि ते वगळण्यामागचे कारण नगरपरिषदेला द्यावे लागेल.

आता विकास शुल्क. १९९२ मध्ये अधिनियमात समाविष्ट झालेल्या कलम १२४-अ आणि पुढील तरतुदींनुसार ते आकारले जाते. ही रक्कम वेगळ्या लेखाशीर्षात जमा करून सार्वजनिक सुविधांसाठी आणि त्या क्षेत्राच्या सुधारणेसाठी वापरायची असते. शहर वाढते, नवी कुटुंबे येतात, त्यांना रस्ता, पाणी, बाग लागते. त्या वाढीचा भार नव्या बांधकामाने काही अंशी उचलावा, हा त्यामागचा विचार आहे. कारखान्यांनी पूर्वी टाकलेला गाळ उपसण्याचा खर्च नवे घर बांधणाऱ्या कुटुंबाच्या शुल्कातून करणे त्या विचाराशी विसंगत आहे, आणि तसे झाले तर बागेसाठी काहीच उरणार नाही. गेल्या ५ वर्षांत किती विकास शुल्क जमा झाले आणि कशावर खर्च झाले, हेही त्याच अर्जात विचारा.

एक खुलासा आवश्यक आहे. वसाहत एमआयडीसीची असती, तर त्या क्षेत्रापुरते एमआयडीसी हेच विशेष नियोजन प्राधिकरण ठरले असते आणि तेथील शुल्क नगरपरिषदेकडे आलेच नसते. सहकारी वसाहत नगरपरिषदेच्या हद्दीत असल्याने येथे जबाबदारी टाळायला जागा नाही.

उत्तर २ : पर्यावरण अभियंता

गाळाविषयी मी अधिक काळजीने लिहितो, कारण त्या जमिनीवर उद्या मुले खेळणार आहेत. प्लेटिंगच्या गाळात क्रोमियम, निकेल, जस्त यांसारखे धातू असतात. पिवळसर पाणी हे षट्संयुजी क्रोमियमचे लक्षण असू शकते. तो कर्करोगकारक आहे आणि पाण्यात सहज विरघळत असल्याने भूजलापर्यंत पोहोचतो. मात्र रंगावरून निष्कर्ष काढू नये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मातीचे नमुने वेगवेगळ्या खोलीवरून, तसेच जवळच्या विहिरींचे आणि ओढ्याचे पाणी तपासून घेण्याची मागणी करावी. वर दोन फूट लाल माती पसरून हिरवळ लावली, तर खालचा क्रोमियम तेथेच राहतो आणि दर पावसाळ्यात ओढ्याकडे सरकत राहतो.

घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनुसार कारखान्याला असा गाळ सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही. तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील सामायिक विल्हेवाट केंद्रांसारख्या अधिकृत ठिकाणी, वाहतुकीच्या नोंदपत्रासह पाठवावा लागतो. जुन्या दूषित जागांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले आहेत. त्यांनुसार संशयित जागेची नोंद घेऊन ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवणे आणि मंडळाने तपासणी करणे अपेक्षित आहे, आणि दोषी निश्चित झाल्यास शुद्धीकरणाचा खर्च त्याच्याकडून वसूल होतो. आपल्या हरकतीची एक प्रत जिल्हाधिकारी आणि मंडळाचे प्रादेशिक कार्यालय यांना याच नियमांचा उल्लेख करून द्यावी.

उत्तर ३ : लघुउद्योजक

मी दुसऱ्या शहरातील अशाच वसाहतीत लहान प्लेटिंग युनिट चालवतो. चार-पाच कामगारांच्या कारखान्याला स्वतंत्र शुद्धीकरण यंत्रणा परवडत नाही, आणि महिन्याकाठी निघणाऱ्या दोन-तीन पोती गाळासाठी स्वतंत्र वाहनही परवडत नाही. गाळ मागच्या पडीकात जातो त्याची सुरुवात येथून होते. आमच्या वसाहतीने सर्व युनिटांचा गाळ एकत्र साठवून ठरावीक दिवशी एकाच वाहनाने पाठवायला सुरुवात केली आणि खर्च वजनाप्रमाणे वाटून घेतला, तेव्हाच हे थांबले. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०१७ च्या निकालात सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचा खर्च प्रत्यक्ष वापरकर्त्यांकडून वसूल करण्याची पद्धत स्थानिक संस्थांनी ठरवावी, असे सांगितले आहे. उद्योगांनी पैसे द्यावेत हे मला मान्य आहे; आकारणी मात्र गाळाच्या वजनावर असावी, भूखंडाच्या आकारावर नव्हे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. वसाहतीच्या पदाधिकाऱ्यांना भेटून वजनाप्रमाणे आकारणीचा विषय आम्ही मांडू. एक शंका राहते. ओढ्याकाठी आता जे रेखांकन (लेआउट) मंजूर होईल, त्यात खुली जागा सोडावीच लागेल, मग वेगळ्या उद्यानाचा आग्रह कशाला, असे काही नगरसेवक म्हणतात.

उत्तर १ : नगररचना खात्यातून निवृत्त

एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते, हे खरे आहे. परंतु ती त्या रेखांकनातील रहिवाशांच्या उपयोगासाठी असते. संपूर्ण शहराच्या उद्यानाची गरज तिने भागत नाही. केंद्राच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौ. मी. मोकळी जागा सुचवली आहे. आपल्या आराखड्याच्या अहवालात हा आकडा किती येतो, ते काढून हरकतीत लिहा.

हरकतीत गट नंबर, आरक्षण क्रमांक आणि तीन स्पष्ट मागण्या असाव्यात: ओढ्याकाठचे आरक्षण कायम ठेवून त्याच्या संपादनासाठी विकास शुल्काच्या खात्यातून तरतूद दाखवावी, मागच्या जमिनीची तपासणी पूर्ण होईपर्यंत ती उद्यान म्हणून दर्शवू नये, आणि तिच्या शुद्धीकरणाचा खर्च विकास शुल्कातून करू नये. सुनावणीची मागणी त्याच अर्जात लिहायला विसरू नका, कारण नियोजन समितीपुढे ज्यांनी मुदतीत लेखी हरकत दिली आहे त्यांनाच बोलता येते. शक्य तितक्या कुटुंबांनी स्वतंत्र अर्ज द्यावेत आणि प्रत्येकाने आवक क्रमांकासह पोच घ्यावी.